‘गोर्दा’ म्हणजे जाडी, मग सबटायटलमधे ‘हनी’ कसं?

प्रश्न असा आलाय की अर्जेंटिनाच्या एका स्पॅनिश मालिकेत नवरा बायकोला सारखा ‘गोर्दा’ म्हणतो, ती तर चांगली सडपातळ आहे, आणि खाली इंग्लिशमधे ‘हनी’ येतं, तर भाषांतर करणाऱ्याने सोवळेपणा केलाय का. माझ्या मते अजिबात नाही. गोर्दो-गोर्दा म्हणजे जाडा-जाडी हे डिक्शनरीपुरतं ठीक, पण अर्जेंटिना, उरुग्वे, मेक्सिकोकडे नवराबायको, मित्र, आईबाप-पोरं सर्रास एकमेकांना असं म्हणतात आणि त्याचा वजनाशी काही संबंध असेलच असं नाही. आपल्याकडे लाडाने ‘जाड्या’ म्हणतात खरं, पण तो जाड्या थोडा तरी गुटगुटीत लागतो, तिथे तेवढीही अट नाही! इंग्लिशमधे ‘फॅटी’ लिहिलंत तर संसारच मोडेल. फ्लाको म्हणजे बारक्या, त्याचंही तसंच. अर्जेंटिनाला १९७८चा फुटबॉल वर्ल्ड कप जिंकून देणारे कोच मेनोत्ती ‘एल फ्लाको’ म्हणूनच ओळखले जायचे, आता ते खरोखरच किडकिडीत होते ती गोष्ट वेगळी.

वयाच्या शब्दांत जास्त गंमत आहे. ‘मी व्येहा’, शब्दशः माझी म्हातारी, म्हणजे अर्जेंटिनात आई आणि मेक्सिकोत बहुतेक वेळा बायको, त्यामुळे बोलणारा कुठला हे आधी बघायचं. ‘माय ओल्ड लेडी’ लिहून सुटका होत नाही कारण इंग्लिशमधेही ती आई का बायको हा घोळ आहेच. अनोळखी म्हाताऱ्या माणसाला मात्र व्येहो म्हणायचं नाही, तिथे ‘मायोर’. मूळ अर्थ ‘जास्त मोठा’, पण हा जास्त मोठा साध्या म्हाताऱ्यापेक्षा सौम्य! इंग्लिशमधेही ‘ओल्डर मॅन’ हा ‘ओल्ड मॅन’पेक्षा तरुणच वाटतो, म्हणून इथे ‘ओल्डर’ फिट बसतं. फक्त लहान पोराला ‘मायोर झालास की’ म्हटलं तर ते ‘मोठा झालास की’, तिथे म्हातारपण आणू नका.

आणखी एक, ‘एस गोर्दो’ म्हणजे तो जाड आहे, पण ‘एस्ता गोर्दो’ म्हणजे बहुतेकदा सुटलाय, वजन वाढलंय. दोन्हीला ‘ही इज फॅट’ केलं की फरक गेला, दुसऱ्याला ‘ही हॅज पुट ऑन वेट’ पाहिजे.

दुसरा प्रश्न ‘एंत्रादा एन कार्नेस’चा. शब्दशः ‘मांसात शिरलेली’, ऐकायला भयंकर, पण अर्थ आपल्या ‘अंगाने भरलेली’च्या जवळचा, जाडसर पण लठ्ठ नाही, म्हणून ‘प्लंप’ करा, ‘ओबीस’ नको. ‘एंत्रादा एन आन्योस’ म्हणजे ‘वर्षांत शिरलेली’, त्याला ‘गेटिंग ऑन इन इयर्स’ चालेल. ‘कुआरेंतोना’ मात्र अवघड, चाळिशीतली बाई असा अर्थ पण त्या शेवटच्या ‘ओना’त बऱ्याचदा टोमणा असतो. ‘फॉर्टीसमथिंग’मधे तो टोमणा येत नाही, मग वाक्यात दुसरीकडे कुठेतरी खवचटपणा घालावा लागतो.