आलेख आला, क्ष-अक्ष आला नाही

प्रश्न : गच्चीवरच्या पर्जन्यमापकातील 1 जून ते 30 सप्टेंबर 2023 या 122 दिवसांच्या नोंदींचा आलेख मी 'आर' या संख्याशास्त्रीय संगणकभाषेत काढला. तारखांचा स्तंभ 'डेट' प्रकारचा आहे. क्ष-अक्षावर आपोआप येणारी इंग्रजी नावे नकोत, म्हणून 'प्लॉट'मध्ये 'एक्सएएक्सटी'ला 'एन' ही किंमत दिली आणि पुढच्या ओळीत 'अ‍ॅक्सिस' फंक्शनकडे 1 ते 4 या जागांवर जून, जुलै, ऑगस्ट, सप्टेंबर अशी नावे मागितली. एररही आली नाही आणि चौकटीखाली खुणा वा नावेही उमटली नाहीत. काय चुकले असावे?
– एक वाचक, रत्नागिरी

उत्तर : आपण अक्षाच्या खुणा आलेखाच्या फार डावीकडे, चौकटीबाहेरच्या जागी मागितल्या आहेत, म्हणून त्या दिसत नाहीत. 'आर'मध्ये तारीख ही 1 जानेवारी 1970 पासून मोजलेल्या दिवसांची संख्या म्हणून साठवली जाते. त्या हिशेबाने 1 जून 2023 म्हणजे 19509 आणि 30 सप्टेंबर म्हणजे 19630. आपण मात्र खुणांच्या जागा 1, 2, 3, 4 अशा दिल्या, म्हणजे 1970 च्या जानेवारीतील 2 ते 5 या तारखा दिल्या, आणि चौकटीच्या मर्यादेबाहेरच्या खुणा 'अ‍ॅक्सिस' मुकाट्याने गाळून टाकते. तिने निदान एखादी सूचना द्यायला हवी होती, असे मला नेहमी वाटते.

खात्री करायची असेल, तर आलेख काढल्यावर 'पार' या आलेखांची मांडणी ठरवणाऱ्या फंक्शनला 'यूएसआर' विचारावे. उत्तरातील पहिल्या दोन संख्या क्ष-अक्षाची खरी हद्द सांगतात. आपल्या आलेखात त्या सुमारे 19504 आणि 19635 असतील, कारण नोंदींच्या दोन्ही टोकांना चार टक्के जागा मोकळी सोडण्याचा 'आर'चा प्रघात आहे. 'अ‍ॅट'मध्ये, म्हणजे 'अ‍ॅक्सिस'ला खुणांच्या जागा सांगतो तेथे, दिलेली प्रत्येक संख्या या हद्दीत बसली पाहिजे. तेव्हा तेथे 1 ते 4 ऐवजी त्या चार महिन्यांच्या पहिल्या तारखा 'अ‍ॅझ डॉट डेट'मधून द्याव्यात. त्या 19509, 19539, 19570 आणि 19601 होतात, आणि 'लेबल्स'मधील नावे आहेत तशीच ठेवावीत. नाव महिन्याच्या मध्याखाली हवे असेल, तर प्रत्येक महिन्याची 15 तारीख द्यावी. मला स्वतःला तेच बरे वाटते.

हाच घोटाळा स्तंभालेखातही होतो, फक्त तेथे अक्ष नाहीसा न होता सरकतो. 'बारप्लॉट'मध्ये स्तंभांचे मध्य 1, 2, 3 वर नसून 0.7, 1.9, 3.1 असे असतात. ते फंक्शन हे मध्य स्वतःच परत देते, म्हणून ते एखाद्या नावात साठवून 'अ‍ॅट'ला द्यावेत.

'एक्सएएक्सटी' आपण 'प्लॉट'च्या कंसातच लिहिले, हे योग्य केले. तेच 'पार'मध्ये लिहिले असते, तर ग्राफिक्सची खिडकी बंद करेपर्यंत पुढचा प्रत्येक आलेख क्ष-अक्षाविना आला असता.

आलेख पीडीएफ फाईलमध्ये साठवताना मराठी नावांच्या जागी टिंबे दिसू लागली, तर अक्षाच्या ओळीला हात लावू नये. 'पीडीएफ'ऐवजी 'कैरो-पीडीएफ' हे फंक्शन वापरावे.