अभिव्यक्तिस्वातंत्र्याचे खटले आणि वकिलीची वाट

प्रश्न : आमची कन्या बारावीत, कला शाखेत आहे. कायदा शिकून अभिव्यक्तिस्वातंत्र्याचे खटले लढवायचे तिने मनावर घेतले आहे. 2007 साली इथल्या महाराजा सयाजीराव विद्यापीठाच्या ललित कला विद्याशाखेत जे घडले ते आम्हां बडोदेकरांच्या अजून लक्षात आहे. अशा प्रकरणांत सापडलेल्या माणसांचे पुढे काय होते, या धास्तीने तिला होकार द्यायला मन धजत नाही. काय करावे? (एक पालक, दांडिया बाजार, वडोदरा)

उत्तर : स. न. वि. वि.

आपली धास्ती निराधार नाही. त्या वर्षी मे महिन्यात परीक्षेसाठी मांडलेल्या चित्रांवरून एका विद्यार्थ्याला अटक झाली, त्याचा निकाल वर्षानुवर्षे अडकून पडला, आणि 2018 मध्ये कुलगुरूंच्या कार्यालयाला आग लावल्याच्या आरोपावरून तोच पुन्हा पोलिसांच्या ताब्यात गेला. त्याची बाजू घेणारे तेव्हाचे अधिष्ठाता शिवाजी पणिक्कर निलंबित झाले, तरी पुढे दिल्लीच्या आंबेडकर विद्यापीठात ते शिकवू लागले. प्रसंग दोघांवरही आला. पण एकाजवळ पदवी आणि अध्यापनाचा अनुभव होता, दुसऱ्याच्या हाती निकालपत्रही नव्हते. हा फरक मला फार मोलाचा वाटतो.

गाजलेल्या खटल्यांतील इतर माणसांकडे पाहिले तरी हेच दिसते. व्हिएतनाम युद्धाच्या निषेधार्थ काळी फीत बांधून शाळेत गेल्यामुळे 1965 मध्ये निलंबित झालेली अमेरिकेतील तेरा वर्षांची मेरी बेथ टिंकर 1969 मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयात जिंकली आणि मोठेपणी मुलांची परिचारिका झाली. विद्यार्थ्यांच्या हक्कांवर ती बोलत राहिली, पण पोट भरले ते रुग्णसेवेने. तिचा खटला चालवणारे डॅन जॉन्स्टन त्या वेळी वकिलीत नवखेच होते. पुढे ते टिंकरच्याच भागाचे सरकारी वकील झाले. आपल्या कन्येचे नाते टिंकरपेक्षा या जॉन्स्टनशी अधिक आहे, हे आपल्या पत्रात नजरेआड झालेले दिसते. पक्षकाराला खटला भोगावा लागतो. वकिलाचे तसे नसते, त्याच्यापुढे दुसऱ्या दिवशी नवे प्रकरण असते.

आपल्याकडचे जवळचे उदाहरण श्रेया सिंघल यांचे. पालघरच्या दोन तरुणींना फेसबुकवरील मजकुरावरून अटक झाल्यानंतर, 2012 मध्ये, त्यांनी ऑनलाइन आक्षेपार्ह मजकूर हा गुन्हा ठरवणाऱ्या, माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम 66अ ला आव्हान दिले. 24 मार्च 2015 रोजी ते कलम रद्द झाले. इंग्लंडात खगोलभौतिकी शिकलेल्या श्रेयाबाई पुढे कायदा शिकून वकील झाल्या. मात्र त्यांची आई वकील, आजी सुनंदा भंडारे दिल्ली उच्च न्यायालयाच्या न्यायमूर्ती. असे घर पाठीशी नसेल तर पहिली काही वर्षे ज्येष्ठांच्या हाताखाली तुटपुंज्या मानधनावर काढावी लागतात, हे कन्येला आजच स्पष्ट सांगावे.

या कामाचा वेग कसा असतो, तेही सांगतो. चंद्रकांत काकोडकर यांची एक कथा 1962 च्या दिवाळी अंकात आली आणि तिच्यावर अश्लीलतेचा खटला झाला. उच्च न्यायालयाने त्यांना दोषी ठरवून केलेला दंड अवघा 25 रुपयांचा होता. तो पुसून निर्दोष ठरायला 1969 साल आणि सर्वोच्च न्यायालय गाठावे लागले. काकोडकर पुढेही कादंबऱ्या लिहीतच राहिले, त्यांचे वाचक काही दुरावले नाहीत. वकिलांच्या दृष्टीने मात्र ती सात वर्षे म्हणजे कागदपत्रे, तारखा, नकला आणि एकाच कथेचे ओळीनओळ वाचन. कन्येला नेमके हे आवडेल का, हा खरा प्रश्न आहे.

तेव्हा माझे मत असे की होकार द्यावा, पण आंधळेपणाने नव्हे. गांधीनगरच्या राष्ट्रीय विधी विद्यापीठासाठी क्लॅट ही कायदा शिक्षणाची प्रवेश परीक्षा द्यावी लागते. अलीकडे ती डिसेंबरात होते आणि दोन तासांत 120 प्रश्न, तेही उतारे वाचून, सोडवायचे असतात. तिथे जमले नाही तर पदवी घेऊन महाराजा सयाजीराव विद्यापीठातून तीन वर्षांचे एलएल.बी. करता येते. सनद आणि बार परीक्षा त्यानंतरच्या गोष्टी. त्याआधी ओळखीच्या एखाद्या वकिलांबरोबर तिला सुट्टीत जिल्हा न्यायालयात काही दिवस बसू द्यावे, तेही एखाद्या गाजणाऱ्या प्रकरणासाठी नव्हे, तर चेक न वटल्याच्या आणि भाडेकरूंच्या साध्या तंट्यांसाठी. तिथे ती कंटाळली तर याच विद्यापीठात पत्रकारितेची विद्याशाखाही आहे. बोलण्याच्या हक्काची आस्था तिकडेही उपयोगी पडेल.