खासगी विहिरींत रसायन उतरले असता रहिवाशांनी सुरक्षित पाणी कसे मिळवावे?

आपण लिहिले आहे की वस्तीतील काही खासगी विहिरींच्या पाण्यात औद्योगिक द्रावक (सॉल्व्हंट, म्हणजे दुसरे पदार्थ विरघळवण्यासाठी कारखान्यात वापरले जाणारे द्रव) आढळले आहे, विहिरी खासगी असल्याने कार्यालये जबाबदारी घेत नाहीत, आणि तोवर पाणी उकळून वापरावे का, हे आपल्याला कळेनासे झाले आहे. उकळण्याचे उत्तर आधी देते, कारण ते आज रात्रीच लागणार आहे: उकळून हे पाणी पिण्याजोगे होत नाही. उकळल्याने जंतू मरतात. नायट्रेट आणि आर्सेनिक मात्र भांड्यातच राहतात आणि वाफ गेल्यामुळे त्यांचे प्रमाण उलट वाढते, तर ट्रायक्लोरोएथिलीन किंवा बेंझिन यांसारखी उडून जाणारी द्रावके वाफेबरोबर घरातल्या हवेत मिसळतात. त्याच कारणाने अशा पाण्याची गरम आंघोळही बंद खोलीत करू नये. तुरटी, क्लोरीन आणि कापडाची गाळणी यांपैकी कशाच्याही भरवशावर ही रसायने गेली असे धरू नये. घरात बाटलीने दूध पिणारे बाळ असेल, तर त्याच्यासाठी बाहेरचे पाणी आजच आणावे.

आमच्याही विहिरीत एक द्रावक उतरले होते. त्या काळात आम्ही केलेली सर्वांत मोठी चूक अशी की ‘दोषी शोधा आणि पाणी द्या’ या दोन मागण्या एकाच अर्जात घातल्या. परिणामी दोषी ठरेपर्यंत पाण्याचा विषय पुढे सरकलाच नाही. प्रत्येक टेबलावर ‘चौकशी चालू आहे’ एवढेच उत्तर मिळत गेले. म्हणून माझा आग्रह आहे की पाण्याचा अर्ज वेगळा करा आणि त्यात कोणावरही आरोप करू नका. किती घरे, किती माणसे, किती लहान मुले व गरोदर स्त्रिया, अहवालात कोणते द्रव्य किती आढळले आणि रोज किती लिटर पाणी लागेल, एवढेच लिहा. पिण्यास व स्वयंपाकास माणशी रोज सुमारे साडेसात लिटर हा जागतिक आरोग्य संघटनेचा किमान हिशेब आहे. आंघोळ व धुणे धरल्यास माणशी ५० ते १०० लिटर धरावे लागतात. संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने २०१० मध्ये सुरक्षित पाणी हा मानवी हक्क मानला आहे, त्याचा उल्लेख जरूर करा. प्रत्येक अर्जाची पोच घ्या. पोच नसलेला अर्ज पुढे कोणी मानत नाही.

पाण्याला दोषनिश्चितीसाठी ताटकळत ठेवावे लागत नाही, याचे उदाहरण अमेरिकेतील व्हरमाँट राज्यातल्या बेनिंग्टनचे आहे. तेथे २०१६ मध्ये खासगी विहिरींत पीएफओए हे रसायन सापडले, तेव्हा जबाबदारीविषयीचा अंतिम करार होण्याच्या कितीतरी आधी घरांना बाटलीबंद पाणी आणि नंतर कार्बनच्या गाळण्या मिळाल्या. सार्वजनिक जलवाहिनी शेकडो घरांपर्यंत नेण्याचे काम करारांनंतर झाले. याच्या उलट, भोपाळच्या बंद कारखान्याभोवतीच्या वस्त्यांना स्वच्छ पाणी द्यावे असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने २००४ मध्ये दिला, आणि २०१२ मध्ये त्याच न्यायालयाला त्यासाठी पुन्हा आदेश द्यावा लागला. आदेश हाती आल्यानंतरही पाठपुरावा सुटता कामा नये, असे मी म्हणते ते यामुळेच.

आता तपासणीविषयी थोडे सविस्तर लिहिते, कारण पुढचे सगळे तिच्यावर उभे राहते. हातातले टीडीएस मीटर अशा वेळी दिशाभूल करते. ते विरघळलेल्या क्षारांचा अंदाज देते, द्रावकाविषयी काहीच सांगत नाही, त्यामुळे आकडा चांगला दिसला म्हणून पाणी चांगले ठरत नाही. प्रयोगशाळेला नुसते ‘पाणी तपासा’ असे न सांगता कोणत्या द्रव्यांसाठी तपासायचे ते लिहून द्यावे. आमच्याकडे नमुना घ्यायला आलेल्या तरुणाने आधी पंप पंधरा मिनिटे चालवला, मग काचेच्या लहान कुपीत काठोकाठ पाणी भरले, झाकण लावून ती उलटी केली आणि बोटाने हलकेच टिचकी मारली. मोहरीएवढा एक बुडबुडा वर सरकला. त्याने ती कुपी बाजूला ठेवून दुसरी भरली आणि सांगितले की एवढ्याशा हवेतही द्रावक पाण्यातून निघून जाते व अहवाल खरा येत नाही. त्यानंतर मी प्रत्येक वेळी नमुना भरताना शेजारी उभी राहिले. अहवालात ‘आढळले नाही’ असे असेल, तर त्या यंत्राला किमान किती प्रमाण ओळखता येते हेही विचारावे. ती किमान पातळी पिण्याच्या पाण्याच्या मर्यादेपेक्षा वर असेल, तर त्या शेऱ्याला अर्थ नाही.

शेजारच्या विहिरी आज स्वच्छ निघाल्या तरी त्यांना यादीतून वगळू नका. भूजल फार सावकाश सरकते. पेट्रोलसारखे द्रव पाण्यावर तरंगतात, तर क्लोरीनयुक्त द्रावके पाण्यापेक्षा जड असल्याने खोल उतरतात आणि खडकाच्या भेगांतून अनपेक्षित दिशेला निघतात. पावसाळ्यानंतरचा आणि उन्हाळ्यातला, असे किमान दोन नमुने दरवर्षी हवेत.

टँकर मिळू लागला की त्याचे पाणी कोठून भरले जाते हे लिहून घ्या. त्याच भूजलातून उपसलेले पाणी पुन्हा आपल्याच दारी आल्यास काहीच साधले जात नाही. रसायनांची जुनी पिंपे साठवणीला कधीही वापरू नयेत, कितीही धुतली तरी.

गाळणीची निवड द्रव्यावर ठरते. द्रावकांसाठी सक्रिय कार्बन, म्हणजे रसायने धरून ठेवणारा खास कोळसा, उपयोगी पडतो, नायट्रेटसाठी नाही. नायट्रेटसाठी आरओ किंवा आयन विनिमय (नको असलेला क्षार धरून त्याच्या जागी दुसरा निरुपद्रवी क्षार सोडणारी गाळणी) लागतो. द्रावक असल्यास केवळ स्वयंपाकघरातल्या नळाला गाळणी लावून भागत नाही, घरात शिरणारे सगळेच पाणी गाळावे लागते. कार्बनच्या दोन टाक्या एकामागोमाग बसवाव्यात आणि मधल्या नळातून ठरावीक काळाने नमुना तपासावा. तेथे रसायन दिसू लागले की पहिल्या टाकीतला कार्बन संपला असे समजावे. गाळणी देणाऱ्याकडून कार्बन बदलण्याचा आणि तपासणीचा खर्च कोण, किती वर्षे करणार हे लेखी घ्या. आमच्याकडे हे लिहून घ्यायचे राहिले होते, आणि पहिल्या टाकीतला कार्बन संपला त्याच महिन्यात देखभालीचे माणूस यायचे बंद झाले.

कायमचा उपाय म्हणजे दुसऱ्या, सुरक्षित स्रोताची जलवाहिनी. ती आली की विहिरीचा पाइप घराच्या नळजोडणीपासून पूर्णपणे तोडावा, नाहीतर दूषित पाणी उलट वाहिनीत शिरू शकते. विहीर मात्र लगेच बुजवू देऊ नका: रसायन कोणीकडे सरकते आहे हे पुढची अनेक वर्षे त्याच विहिरीतून कळणार असते. आमची विहीर आजही झाकण लावून तशीच ठेवलेली आहे आणि तिचा नमुना वर्षातून दोनदा जातो.