विमान वर चढत असताना ‘पडतोय’ असं का वाटतं?

“ताशी ९०० किलोमीटर! एवढा वेग माझ्या शरीराला सोसेल का?” हा प्रश्न माझ्याकडे कॉलेजातली मुलं घेऊन येतात, कंपनीच्या कामासाठी दर महिन्याला दिल्लीला जाणारे अधिकारीही घेऊन येतात. बहुतेकजण विचारताना ओशाळतात. ओशाळण्यासारखं त्यात काहीही नाही. आजचा अनुभव एका निवृत्त शिक्षिकेचा आहे. त्यांच्या परवानगीने लिहिते आहे, ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. त्यांना आपण काकू म्हणू.

काकूंची मुलगी अमेरिकेत, पहिलं बाळंतपण तोंडावर आलेलं. आईने जायचं हे घरात सगळ्यांनी गृहीत धरलेलं. काकू मात्र काहीतरी कारण काढून तिकीट पुढे ढकलत होत्या. काही वर्षांपूर्वी त्या एका सहलीला विमानाने गेल्या होत्या. विमान उडालं, मिनिटभरात इंजिनाचा आवाज एकदम खाली आला, पोटात खड्डा पडला आणि विमान खाली चाललंय अशी त्यांची खात्रीच झाली. शेजारच्या अनोळखी बाईचा हात त्यांनी उतरेपर्यंत सोडला नाही. परतताना रेल्वे.

“हे म्हणतात, अगं, लाखो लोक रोज उडतात, तुलाच काय झालंय? मलाही ते कळतं हो मॅडम. पण मला ते जाणवलं होतं. ते खोटं कसं असेल?”

त्यांचं हे म्हणणं मला फार महत्त्वाचं वाटलं. अपघातांची आकडेवारी सांगून अशा माणसाला धीर येत नाही, कारण त्याचं भांडण आकड्यांशी नसतं. शरीराने स्वतः दिलेली साक्ष त्याला खोटी ठरवता येत नाही. आणि ती खोटी नव्हतीच. पोट खरंच हलकं झालं होतं, त्याचा लावलेला अर्थ चुकला होता.

सुरुवात मी वेगापासून केली. वेग जाणवेल असं इंद्रियच आपल्याकडे नाही. पुण्याच्या अक्षांशावर पृथ्वी आपल्याला घेऊन ताशी सुमारे १,५८० किलोमीटर वेगाने पूर्वेकडे फिरते आहे, विमानापेक्षा कितीतरी जोरात, आणि कपातला चहासुद्धा हलत नाही. १९८४ साली राकेश शर्मा अंतराळात गेले, तेव्हा ताशी जवळजवळ २८,००० किलोमीटर वेगाने पृथ्वीभोवती फिरत होते. त्या वेगाचा भार अंगावर येत नाही. शरीराला कळतो तो वेगातला बदल: वाढला, कमी झाला, वळला. त्यामुळे ‘९०० चा वेग सोसेल का’ या प्रश्नाचं उत्तर सरळ आहे. विमान एकसारखं जात असताना सोसण्यासारखं काही नसतंच.

हा बदल टिपणारं यंत्र आतल्या कानात असतं. तिथल्या तीन अर्धवर्तुळाकार नलिका डोकं फिरल्याचं टिपतात. शेजारच्या दोन छोट्या पिशव्यांमध्ये चिकट थरावर कॅल्शियम कार्बोनेटचे बारीक स्फटिक बसलेले असतात. गाडीने अचानक वेग घेतला की हे जड स्फटिक मागे रेंगाळतात, त्यांच्याखालचे केस वाकतात आणि मेंदूला निरोप जातो. अडचण इथेच आहे. डोकं मागे कलंडलं तरी ते केस तसेच वाकतात. म्हणजे ‘पुढे ढकललं जातंय’ आणि ‘मागे कलतंय’ या दोन गोष्टींत या इंद्रियाला फरक करता येत नाही. तो फरक डोळे करतात, आणि विमानाच्या खिडकीबाहेर ढग किंवा अंधार असेल तर डोळ्यांना काही आधारच उरत नाही. अनुभवी वैमानिकांनाही हा भास होतो. म्हणून त्यांना शरीराऐवजी समोरच्या उपकरणांवर विश्वास ठेवायला शिकवतात.

काकू मन लावून ऐकत होत्या, पण ऐकून भीती जात नाही. माझं काम होतं हे त्यांच्या अंगाला पटवून देणं, आणि त्यासाठी लिफ्टसारखी दुसरी जागा नाही. (आधी त्यांना कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे पाठवलं होतं, कारण कूस बदलताना कधीतरी गरगरतं असं त्या म्हणाल्या होत्या. काळजीचं काही निघालं नाही. अशी तक्रार असेल तर ही पायरी कुणीही गाळू नये.)

आमच्या इमारतीच्या लिफ्टमध्ये त्या डोळे मिटून उभ्या राहिल्या. जे वाटेल ते मोठ्याने बोलायचं, एवढंच ठरलं. लिफ्ट निघाली. “वर,” त्या म्हणाल्या, पाय जड झाले होते. मधल्या मजल्यांवर त्यांनी विचारलं, “थांबली का?” थांबली नव्हती, एकसारख्या वेगाने चढत होती. आणि वरचा मजला जवळ येताच त्या पटकन म्हणाल्या, “खाली निघाली!” डोळे उघडले तर समोरचा आकडा अजून वाढतच होता.

त्या काही क्षण गप्प होत्या. मग म्हणाल्या, “पुन्हा.” आम्ही बराच वेळ वर-खाली करत राहिलो.

वर जाणारी वस्तू वर जाण्याचा वेग कमी करते, तेव्हा पोट हलकं होतं. खाली पडायला लागतानाही पोट असंच हलकं होतं. नुसत्या पोटाला या दोन्ही गोष्टी सारख्याच. विमानात नेमकं हेच घडतं. धावपट्टीवर ते जोराने वेग घेतं, पाठ खुर्चीत दाबली जाते, नाक वर जातं. जमीन सोडल्यावर मिनिटभरात, साधारण १,००० ते १,५०० फुटांवर, इंजिनांचा जोर ठरवून कमी केला जातो आणि नाक थोडं खाली आणलं जातं. पाठीवरचा दाब ओसरतो, पोट हलकं होतं, आवाज उतरतो. तिन्ही खुणा एकदम ‘पडतोय’ असं ओरडतात आणि विमान मात्र चढतच असतं, फक्त आधीपेक्षा सावकाश.

मग गृहपाठ दिला. एसटीत खिडकीशी बसून थोडा वेळ डोळे मिटायचे, आणि ब्रेक, वळण, वेग घेणं हे सगळं अंगाने ओळखायचं. काकूंनी शिक्षिकेच्या शिस्तीने त्याची वही ठेवली. सोबत श्वासाचा सराव: घेताना हळू, सोडताना त्याहून हळू. तिकीट मात्र या काळात पुढे ढकलायचं नाही हे मी ठामपणे सांगितलं. तारीख पुढे गेली की जिवाला जी मोकळीक मिळते, तीच भीतीला खतपाणी घालते.

विमानात बसायला पंखाजवळची खुर्ची घेतली, तिथे वर-खाली होणं तुलनेने कमी जाणवतं. पर्समध्ये काकूंच्या अक्षरातली चिठ्ठी होती: ‘आवाज कमी होईल. पोट हलकं होईल. आकडा बघ.’ लांबच्या विमानांत समोरच्या पडद्यावर बहुधा उंची दिसते, ती लिफ्टमधल्या आकड्यासारखीच वाचायची.

पोहोचल्यावर त्यांनी फोन केला. खड्डा पडला होता. हातही घट्ट आवळले गेले होते, पण आकडा वाढताना त्यांनी डोळ्यांनी पाहिला होता. वाटेत वादळी हवेत विमान हादरलं, तेव्हा मात्र त्या रडल्या. अशा हादऱ्यांत शेकडो फूट खाली गेल्यासारखं वाटतं, प्रत्यक्षात उंची बहुतेक वेळा थोड्या फुटांनीच बदलते. हे मी आधी सांगायला हवं तितकं सांगितलं होतं, तरी ते अंगाला पटायला वेळ लागणार. पट्टा घट्ट बांधून खांदे सैल सोडणं, हे तेव्हा त्यांच्या कामी आलं.

सगळ्यांचं एवढ्यावर भागत नाही. छाती धडधडून श्वास कोंडण्याचे झटके विमानाबाहेरही येत असतील, तर मानसोपचारतज्ज्ञांना भेटा, औषधाचा निर्णय त्यांच्यावर सोडा. कुणाची तरी झोपेची गोळी मागून घेऊ नका, धीर यावा म्हणून दारूही नको. काकू आता परतीच्या प्रवासाची तयारी करताहेत, आणि हादऱ्यांसाठी व्हिडिओ कॉलवर आमचा सराव चालू आहे.