विमानात ईएलटी बसवलेला असताना वैमानिक अंगावर वेगळा पीएलबी का बाळगतात?

तुमचा प्रश्न एका इंजिनाचं छोटं विमान समुद्रावरून लांब नेण्याबद्दल आहे. ईएलटी (अपघात झाल्यावर उपग्रहामार्फत मदतीचा संदेश पाठवणारं, विमानात बसवलेलं यंत्र) आहेच, मग पीएलबी (तसाच संदेश पाठवणारं, अंगावर बाळगायचं छोटं यंत्र) कशाला? कारण विमान बुडालं की ईएलटीही त्याच्याबरोबर बुडतो, आणि पाण्याखालून त्याचा संदेश उपग्रहापर्यंत पोहोचत नाही.

ईएलटी बहुधा शेपटीकडच्या भागात असतो. जोरात आदळलं की आतला जी-स्विच (जोराचा धक्का ओळखणारा स्विच) तो सुरू करतो आणि साधारण दर 50 सेकंदांनी 406 मेगाहर्ट्झवर अर्ध्या सेकंदाचा संदेश जातो. यात यंत्रापेक्षा त्याची अँटेना आणि तिथवर जाणारी केबल जास्त दगा देतात. केबल तुटली किंवा विमान उलटून अँटेना खाली दबली, तर यंत्र धडधाकट असूनही कुणाला काही ऐकू येत नाही. अमेरिकेचे साहसी वैमानिक स्टीव्ह फॉसेट 2007 मध्ये तिथल्या नेवाडा राज्यातून छोट्या विमानाने निघाले आणि बेपत्ता झाले. त्यांच्या विमानातही ईएलटी होता, पण संदेश मिळाला नाही. अवशेष सापडायला वर्ष उलटलं.

म्हणून इंजिन बंद पडून पाण्यावर उतरावं लागणार हे दिसताच, मेडे (रेडिओवरची संकटाची हाक) देतानाच पॅनेलवरचा ईएलटीचा स्विच हाताने 'ऑन' करावा, असं मी आवर्जून सांगेन. अँटेना तेव्हा शाबूत असते. पहिला 406 चा संदेश जायलाच जवळपास मिनिटभर लागतं, त्यामुळे आदळेपर्यंत थांबू नका.

पीएलबी मात्र आपोआप सुरू होत नाही. अँटेना उलगडायची, बटण दाबून धरायचं, अँटेना उभी आणि पाण्याबाहेर ठेवायची. थंड पाण्यात बोटं लवकर बधिर होतात, हे लक्षात घेऊन तो लाइफ जॅकेटलाच दोरीने बांधा आणि एका हाताने उघडण्याचा सराव घरीच करा (बटण मात्र दाबू नका, चाचणीसाठी वेगळी सोय असते). जॅकेटखालच्या खिशात ठेवलात तर जॅकेट फुगल्यावर तिथे हात पोहोचणं कठीण. मागच्या सीटवरच्या बॅगेत ठेवलेला पीएलबी मी नसल्यातच जमा धरतो. छोटं विमान पाण्यावर कित्येकदा काही मिनिटंच तरंगतं.

जीपीएस असलेलाच घ्या. त्याशिवाय उपग्रहांना जागेचा अंदाज काही किलोमीटरच्या फरकाने येतो. जीपीएसने तो शंभरेक मीटरवर येतो. लाटांमध्ये फक्त डोकं दिसत असतं, तिथे हा फरक फार मोठा आहे. शिवाय यंत्राची नोंदणी करा. बचाव केंद्र आधी नोंदवलेल्या नंबरवर फोन करतं, आणि घरच्यांनी "हो, ते आज समुद्रावरूनच निघालेत" असं सांगितलं की खोटा इशारा असल्याची शंका तिथेच मिटते.

सॅटेलाइट ट्रॅकर (विमान कुठे आहे हे उपग्रहामार्फत वेळोवेळी कळवणारं यंत्र) असेल तर तोही चालू ठेवा, त्याने निदान मार्ग तरी मागे राहतो. आणि विमानातला ईएलटी फक्त 121.5 मेगाहर्ट्झवाला जुना असेल, तर निघण्याआधी तो बदलून घ्या. 1 फेब्रुवारी 2009 पासून उपग्रह ती फ्रिक्वेन्सी ऐकत नाहीत.