थँक्सगिव्हिंग या अमेरिकन सणाला अख्खा भाजतात तो टर्की पक्षी. आपली टर्की अजून दगडासारखी गोठलेली आहे. तशीच ओव्हनमध्ये टाकली तर चालेल का?

चालेल. अमेरिकेच्या कृषी खात्याचीही याला मान्यता आहे. फक्त वेळ दीडपट धरा. बारा पौंडांच्या वितळलेल्या टर्कीला ३२५ फॅरनहाइटवर तीन ते पावणेचार तास लागतात, गोठलेलीला साडेचार ते साडेपाच. तापमान ३२५ च्या खाली आणू नका, नाहीतर मांस जंतू वाढतील अशा कोमट अवस्थेत फार वेळ राहतं.

खरी गोम पोटातल्या पिशवीची. मान, काळीज, पेटा वगैरेंची ती पुडी सुरुवातीला बर्फात घट्ट चिकटलेली असते, ओढत बसू नका. तीनेक तासांनी सैल झाली की चिमट्याने काढा. मीठ-मसालाही तेव्हाच लावा. बर्फावर लावलेला मसाला घसरून ट्रेमध्ये जातो. पोटात सारण भरू नका, ते वेगळं भाजा.

रंगावर विश्वास ठेवू नका. छातीचा जाड भाग, मांडीचा आतला भाग आणि पंखाचा सांधा, तिन्हीकडे थर्मामीटरने १६५ फॅरनहाइट दिसलं पाहिजे. हाडाला टोक लागलं तर आकडा चुकतो.

आणि गोठलेली टर्की उकळत्या तेलात कधीही सोडू नका! बर्फाची क्षणात वाफ होते, तेल उसळून बर्नरवर सांडतं आणि भडका उडतो.

चव? ठीकठाक. रात्रभर मिठाच्या पाण्यात मुरवलेलीची सर नाही, पण ग्रेव्ही असली की पाहुणे तक्रार करत नाहीत.