एअर रायफलच्या दस्त्याला कॅमोफ्लाज रंग देताना

आधी रायफल रिकामी आहे याची खात्री कर. मग स्क्रू काढून नळी आणि यंत्रणा दस्त्यापासून, म्हणजे खांद्याला टेकवायच्या लाकडी भागापासून, पूर्ण वेगळी कर. नुसता टेप लावून रंगवायचा मोह होईल, पण ट्रिगरमध्ये रंगाचा एक थेंब गेला तरी ट्रिगर चिकटतो, आणि मग ती रायफल सुरक्षित राहत नाही. दस्त्याच्या आतल्या खाचेलाही रंग लागू देऊ नकोस. थर चढला की बसणी बिघडते आणि नेमही.

लाकडावरची जुनी चमक ३२० नंबरच्या पॉलिश पेपरने घालव. धूळ पुसली की हाताचं तेल पुन्हा लागू नये म्हणून हातमोजे घाल. दस्त्याच्या मागच्या टोकाचं रबरी बटपॅड झाकून घे.

रंग मॅट, म्हणजे बिनचमकीचाच घे. आधी फिकट खाकी संपूर्ण दस्त्यावर मार, मग ऑलिव्ह, शेवटी गडद तपकिरी, तोही थोडाच. खरी मजा पानांची आहे. नेच्याचं किंवा बाभळीचं पान दस्त्यावर धरायचं, वीस-पंचवीस सेंटिमीटरवरून हलका फवारा मारायचा आणि पान सरळ वर उचलायचं. ओढलंस तर कड फिसकटते. आकार मोठे ठेव. बारीक ठिपके लांबून एकच मळकट रंग दिसतात.

पावसाळ्यात, विशेषतः कोकणात, हे काम काढूच नकोस. दमट हवेत वरचा क्लिअर कोट, म्हणजे रंगावर शेवटी मारायचा पारदर्शक थर, पांढुरका पडतो.

आणि हे सगळं टार्गेटपुरतं. १९७२ च्या वन्यजीव कायद्याने पाखरांची शिकार हा गुन्हा आहे.